चिऱ्याच्या खळ्यात ॲक्टिव्ह व्हीलचेअर: पावसाळ्यासकट वापरल्यानंतरचा अभिप्राय

मापं देऊन बनवून घेतलेल्या रिजिड (न दुमडणाऱ्या) फ्रेमच्या खुर्चीबद्दल लिहितोय. पावसाळा काढल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण आमच्याकडे खुर्चीची परीक्षा तेव्हाच होते. घर देवगडजवळ, चिऱ्याचं खळं, पुढे उताराची पाणंद. आंबे काढताना झाडावरून पडलो आणि टी-१२ मणक्याला मार बसला. पाय हलत नाहीत, त्यांना स्पर्शही कळत नाही.

ढकलायला खुर्ची फार छान. मागच्या चाकांचा ॲक्सल पुढे-मागे सरकवता येतो. तो जितका पुढे, तितका खांद्यांवरचा ताण कमी आणि उंबऱ्यावर पुढची चाकं उचलणं सोपं. पण खुर्ची मागे उलटायची भीतीही तितकीच वाढते. नव्या माणसाने ॲक्सल मागे ठेवून, अँटी-टिपर लावूनच सुरुवात करावी आणि तोल बसेल तसा थोडा थोडा पुढे घ्यावा. मागे जमिनीलगत असणारी ही दोन छोटी चाकं मी अजून काढलेली नाहीत. पायरीवर ती आपटतात, म्हणून तेवढ्यापुरती वर वळवावी लागतात आणि उतरल्यावर लगेच खाली. आई हे न सांगता करते, पण नवीन मदतनीस असला की मी दर वेळी बजावतो.

खरी अडचण पुढच्या चाकांची. खुर्चीबरोबर आलेली कॅस्टर पाच इंची, अरुंद आणि कडक. गुळगुळीत फरशीवर ती सुरेख चालतात. चिऱ्यांच्या दरजा पावसाने धुऊन गेल्या की अंगठा जाईल एवढी फट पडते. त्यात कॅस्टर अडकलं की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो, पायाने सावरायची सोय नसते. मी सहा इंची, रुंद, मऊ रबराची बसवली, फरक पहिल्याच दिवशी कळला. फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्यात, तेवढी जागा आहे का ते आधी बघा. मोठ्या चाकाने खुर्चीची पुढची बाजू उचलली जाते, त्यामुळे सीटचा ढाळही परत लावून घ्यावा लागतो.

याबाबत मी एवढा काटेकोर का, तर लुळ्या पायांची हाडं त्यांच्यावर भार न पडल्याने सुरुवातीच्या दोनेक वर्षांतच झपाट्याने ठिसूळ होतात. खुर्चीवरून नुसतं घसरलं तरी गुडघ्याजवळचं हाड मोडू शकतं आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. सूज, पाय गरम लागणं, पायाचे झटके अचानक वाढणं, एवढ्यावरूनच ओळखायचं. पडल्यावर यातलं काही दिसलं तर ‘दुखत नाही’ म्हणून थांबू नका, एक्स-रे काढा.

ब्रेक चांगले आहेत, पण टायरमध्ये हवा असेल तरच. ब्रेकचा दांडा टायरवर दाबून बसतो. हवा उतरली की ब्रेक लागलेला दिसतो, पण चाक फिरतं. पलंगावरून खुर्चीत येताना असं झालं तर खुर्ची मागे सरकते आणि आपण मधल्या फटीत. खुर्चीवरचे बरेच जण याच वेळी, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना पडतात. मी रोज सकाळी अंगठ्याने टायर दाबतो, ब्रेक लावून चाक हाताने हलवून बघतो, मगच ट्रान्स्फर बोर्ड (पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी) टाकतो.

खाऱ्या हवेने कॅस्टरचे बेअरिंग गंजले आणि करकरायला लागले. कंपनीला फोन केले, नुसतं ‘पाठवतो’ म्हणाले. शेवटी गावातल्या सायकलवाल्याने बाजारातले बसवून दिले. माझ्या खुर्चीला ६०८ नंबरचे लागतात, स्केटिंगच्या चाकांत असतात तेच. ओल्या पुश रिमवर (चाक ढकलायच्या बाहेरच्या कड्यावर) हात घसरतो, त्याला रबरी पकडीचे हातमोजे हवेतच. खळ्यातलं शेवाळ मात्र कुठल्याही चाकाला ऐकत नाही, ते ब्लीचिंग पावडर टाकून घासूनच काढावं लागतं.

खुर्ची महाग आहे, तरी घ्या असंच सांगेन. तिच्यामुळे मी कोणाला हाक न मारता पाणंदीच्या तोंडापर्यंत जातो. ऑर्डर देतानाच रुंद कॅस्टर, अँटी-टिपर आणि कमरेचा पट्टा लिहून द्या, आणि बेअरिंगचा एक जादा संच मे महिन्यातच घरात आणून ठेवा.