जळगावात घेतलेला स्टुडंट मायक्रोस्कोप, साडेतीन स्टार
पोरीच्या बारावीसाठी घेतला पण वापरतोय मीच. बांधावरच्या सागाची काडी पानांसकट रात्रभर लाल शाईच्या पाण्यात उभी ठेवली, सकाळी दाढीच्या ब्लेडने पातळ चकती कापली (तीन ब्लेडं गेली) अन् 100 पटीत पाहिलं तर भाऊ, पाण्याच्या नळ्या लालभडक, खोडाच्या वाढीच्या वलयाच्या सुरवातीला मोठ्या नि पुढे बारीक, मधला गाभा तसाच पांढरा! 400 ला मात्र सगळं धूसर, स्टेजचा (काचपट्टी ठेवायच्या पाटीचा) स्क्रू पण ढिला, दुकानदार म्हणे असंच असतं. बाकी कापल्याबरोबर नळीतलं पाणी निसटतंच, शाई फक्त रस्ता दाखवते, खरं पाणी कुठंय ते बघायला लॅबवाले खोड लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली टाकतात, ते काय आपल्याच्याने होणार नाही.