वेबर डीसीओईचा जेट संच: उपयोगाचा आहे, पण मापे तपासून घ्यावीत

जुन्या मोटारीचे इंजिन नव्याने बांधून झाल्यावर आधीचेच जेट (पेट्रोल किंवा हवा मोजून सोडणारे, बारीक छिद्राचे पितळी तुकडे) कार्ब्युरेटरमध्ये पुन्हा बसवून भागेल, असे सहसा होत नाही. सिलिंडरचा बोअर वाढवलेला असतो, कॅमशाफ्ट बदललेला असतो, एक्झॉस्ट मोकळा केलेला असतो आणि पेट्रोलही गाडी कारखान्यातून निघाली त्या काळचे राहिलेले नसते. अशा वेळी एकेक जेट मागवून वाट पाहत बसण्यापेक्षा सगळी मापे एकत्र देणारा संच सोयीचा वाटतो. असाच एक संच मी १६०० सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनावर, दोन वेबर ४० डीसीओई (आडव्या मांडणीचे, दोन बॅरलचे) कार्ब्युरेटरसह वापरला. तो वेबरचा मूळ संच नसून दुसऱ्या उत्पादकाचा आहे.

दोन कार्ब्युरेटर म्हणजे चार बॅरल (हवेच्या नळ्या, प्रत्येक सिलिंडरला एक), त्यामुळे प्रत्येक मापाचे चार नग पेटीत आहेत. मुख्य इंधनाचे मेन जेट ११० ते १५० पाचाच्या टप्प्याने, त्या इंधनात मिसळणारी हवा मोजणारे एअर करेक्टर १६० ते २००, हलक्या थ्रॉटलचे आयडल जेट ४५ ते ६० हवेच्या वाटेच्या एफ८ आणि एफ९ अशा दोन्ही प्रकारांत, शिवाय एफ११ आणि एफ१६ या इमल्शन ट्यूब (हवा आणि इंधन एकत्र करणाऱ्या छिद्रांच्या नळ्या). सोबत एक स्क्रू-ड्रायव्हर आहे. त्याचे पाते जेटच्या खाचेपेक्षा जाड असल्यामुळे ते निसटते आणि पितळ ओरबाडते, म्हणून तो बाजूला ठेवून स्वतःचा वापरलेला बरा.

वेबरच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो. १३० म्हणजे १.३० मिलिमीटर. सगळ्या कंपन्यांची ही पद्धत नाही. अमालच्या जेटवर मिनिटाला किती सीसी इंधन वाहते तो आकडा असतो, त्यामुळे एका कार्ब्युरेटरचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय इंधन वाहते ते छिद्राच्या क्षेत्रफळातून. १२० वरून १३० वर गेल्यास व्यास आठ टक्क्यांनी वाढतो, पण क्षेत्रफळ सतरा टक्क्यांहून अधिक वाढते. पाचाचे टप्पे आवश्यक ठरतात ते याच कारणाने, आणि या संचाची ही जमेची बाजू आहे.

आकडे खरे असतील तरच अर्थात. पिन गेज (नेमक्या व्यासाच्या मोजमापाच्या पिना) लावून पाहिल्यावर बहुतेक जेट बरोबर निघाले, पण १३५ छापलेल्या चार जेटांपैकी एकात १.३८ ची पिन सहज उतरली, तर उरलेल्या तिघांत १.३५ ची पिनही अडखळत होती. म्हणजे त्या एका बॅरलला क्षेत्रफळाने साडेचार टक्क्यांच्या आसपास जास्त मोठे छिद्र मिळाले असते आणि एकाच सिलिंडरचा प्लग काळा का पडतो याचा शोध इग्निशनमध्ये घेत बसावे लागले असते. आणखी दोन जेटांच्या तोंडाशी यंत्रकामाची कड राहिली होती. पिन गेज ही कड दाखवत नाही. त्यासाठी भिंगच हवे, कारण इंधनाचा प्रवाह व्यासाइतकाच छिद्राच्या तोंडाच्या आकारावरही अवलंबून असतो. अशी कड तारेने किंवा ड्रिलने काढायला जाऊ नये. विक्रेत्याने सदोष जेट बदलून दिले, हे नमूद करायला हवे.

सोबतचे माहितीपत्रक मात्र अगदीच कामचलाऊ आहे. त्यात इंजिनाच्या सीसीवरून थेट मेन जेटचा आकडा दिला आहे; वास्तविक आधी व्हेंच्युरी (बॅरलमधला अरुंद भाग) ठरते आणि मग जेट. प्रचलित ठोकताळा असा की व्हेंच्युरीचा मिलिमीटरमधील व्यास चारने गुणावा म्हणजे मेन जेटचा पहिला अंदाज मिळतो आणि त्यात पन्नास मिळवले की एअर करेक्टरचा. ३२ ची व्हेंच्युरी असेल तर १२८, म्हणजे १३० चा मेन जेट आणि १८० चा एअर करेक्टर. इमल्शन ट्यूब एका सिलिंडरच्या सीसीवरून निवडतात. ४०० सीसीच्या सिलिंडरला एफ१६ जवळची, तर एफ११ साधारणपणे त्याहून लहान सिलिंडरांसाठी सांगितली जाते. मेन जेट बदलला की मुख्य सर्किटच्या संपूर्ण पट्ट्यात फरक पडतो. एअर करेक्टरचा परिणाम प्रामुख्याने वरच्या फेऱ्यांमध्ये दिसतो. पत्रकात यातले काहीही नाही.

संचातला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते आयडल जेटांचा आहे. हलक्या थ्रॉटलवर, मिनिटाला साधारण अडीच-तीन हजार फेऱ्यांपर्यंत, इंजिन याच जेटवर चालते, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीचा बराचसा वेळ त्यावरच जातो. तरीही लोक मेन जेटवरच अडून बसतात. आमच्या इंजिनावर ५०एफ८ घातल्यावर दोन हजारांच्या पुढे थ्रॉटल हळूच दाबताना गचका बसत होता आणि कार्ब्युरेटर उलटा ठसका देत होता, म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते. ५५एफ८ने ठसका गेला, पण गाडी उभी असताना इंजिन जड चालू लागले आणि पेट्रोलचा वास येऊ लागला. ५०एफ९ने दोन्ही तक्रारी मिटल्या. एफ नंतरचा आकडा आयडल जेटमधील हवेची वाट सांगतो, आणि तो वाढला की मिश्रण लीन किंवा रिच (पेट्रोल जास्त) होत जाते असा सरळ क्रम नाही: एफ९ हा एफ८पेक्षा रिच आहे, पण एफ६ या दोघांपेक्षाही रिच आहे. एकाच व्यासात दोन्ही प्रकार हाताशी असणे म्हणजे अर्ध्या टप्प्याची सोय, आणि ती सुट्या खरेदीत सहसा सुचत नाही.

जेट बदलण्यापूर्वी इग्निशन टायमिंग, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, फ्लोटची पातळी आणि तीन पीएसआयच्या आसपासचा इंधनदाब पक्का करावा, नाहीतर सगळे आकडे निरर्थक ठरतात. नव्या बांधणीच्या इंजिनात आणखी एक काळजी असते. मिश्रण फार रिच राहिले तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि रिंगा नीट बसत नाहीत. फार लीन राहिले तर भार पडताच नॉकिंग होऊन पिस्टन जातो. म्हणून रनिंग-इन संपेपर्यंत ठोकताळ्याच्या मापावर हलक्या हाताने चालवावे आणि पूर्ण थ्रॉटलचे जेट त्यानंतरच ठरवावेत. हे ठरवताना एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावून लॅम्डा (मिश्रणातील हवेचे प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा) वाचणे उत्तम, कारण शुद्ध पेट्रोलसाठीचा आदर्श हवा-इंधन प्रमाणाचा १४.७ हा आकडा दहा टक्के इथेनॉल मिसळल्यावर १४.१ च्या जवळ येतो, लॅम्डा मात्र दोन्ही वेळी १ च राहतो. पूर्ण थ्रॉटलला आम्ही ०.८६ च्या आसपास थांबलो, आणि तो १३५ च्या मेन जेटवर मिळाला.

डीसीओईची मांडणीही अशा प्रयोगांना अनुकूल आहे. वरचा पाकळीचा नट सैल करून गोल झाकण काढले की मेन जेट, इमल्शन ट्यूब आणि एअर करेक्टर एकाच जोडणीत वर येतात. कार्ब्युरेटर उतरवावा लागत नाही. त्यामुळे पेटीतली मापे खरोखर वापरून पाहिली जातात, नुसती पडून राहत नाहीत. ११०, ११५ आणि १५० हे मेन जेट मात्र आमच्यासारख्या इंजिनाला लागण्याची शक्यता कमीच आहे. ज्यांची व्हेंच्युरी आधीच ठरलेली आहे त्यांनी ठोकताळ्याच्या मापाच्या एक टप्पा खालचे आणि एक टप्पा वरचे मेन जेट सुटे घेतले तरी चालेल. आयडल जेटांच्या बाबतीत मात्र एफ८ आणि एफ९ दोन्ही घ्यावेत.