भीमा शक्ती वाण सांगून खरिपाचं बी गळ्यात मारलं, कांदा लावणाऱ्यांनो वाचा

उन्हाळ म्हणजे रब्बी कांद्याच्या बियाण्यात मला 15,600 रुपयांचा चुना लागला. दोन एकराला सहा किलो, 2,600 रुपये किलो. वर लागवडीची मजुरी 26,000, खत-औषध 31,400, म्हणजे 73,000 मातीत गेले. लिहायची लाज वाटते, पण गप्प बसलो तर बी विकणाऱ्याचंच फावतं.

आमचा नगर जिल्ह्यातला दुष्काळी पट्टा. घरचं गावठी बी धरतो आम्ही, टिकायला एक नंबर, पण साइज एकसारखी नाही अन् उतारा कमी. तो बी विकणारा गडी नेमका तिथंच बोट ठेवून बोलला. गावठी सोडा, भीमा शक्ती लावा, चार-पाच पाण्यात येतो, चाळीत आठ महिने हलत नाही. वाण खरा आहे, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा, रब्बीला चालतो, पाच-सहा महिने टिकतो, हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणून तर विश्वास बसला. नाव खरं, पिशवीत माल दुसराच.

आता ती पिशवी. साधी पांढरी पॉलिथिन, तोंड मेणबत्तीवर चिकटवलेलं, वर स्टिकर. टॅग विचारला तर मोबाईलमध्ये निळ्या टॅगचा फोटो दाखवला, म्हणे मोठ्या गोणीला एकच असतो, आम्ही सुटं करून देतो. अरे, प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग पिशवीलाच शिवलेला असतो, फोटोत कसला टॅग! तिथंच त्याला हाकलायला पाहिजे होतं. पण ऑक्टोबर संपत आलेला, रोप टाकायची वेळ निघून चाललेली, राहुरी कृषी विद्यापीठाच्या बियाण्याला ही रांग, दुकानात खडखडाट, अन् शेजारच्या दोघांनी माझ्या आधी घेतलेलं. अशा वेळी कोण थांबतं ते सांगा. बिल उद्या व्हॉट्सॲपवर टाकतो म्हणाला. तो उद्या अजून उजाडतोय.

उगवण झकास झाली, इथंच माणूस गाफील राहतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे टाकून जुनं बी पकडता येतं, वाण कोणता ते नाही कळत. फेब्रुवारीत डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे सुटले, वाफेच्या वाफे. एक कांदा उपटला तर मान अंगठ्याएवढी, आडवा कापला तर आत दोन गाभे. खरिपाचं बी रब्बीत टाकलं की हेच होतं, बसवंत 780 काय, ॲग्रीफाउंड डार्क रेड काय, आपल्या जागी ते वाण चांगलेच आहेत. आईच्या हट्टानं बांधाकडच्या चार वाफ्यांत गावठी रोप लावलं होतं, तेच पाणी, तेच खत, तिथं डेंगळा शोधून सापडेना. तो कांदा 1,350 नं गेला, माझा दोन गाभ्यांचा जोड माल 420 रुपये क्विंटल. सुधारितला शिव्या देऊ नका, एन-2-4-1 हा सुधारित वाण लावून पैसे केलेले लोक आहेत, फक्त चार-पाच पाण्यात कांदा काढून देतो म्हणणारा कुठलाही वाण विकत असला तरी खोटं बोलतोय, रब्बीत पाण्याच्या दहा-बारा पाळ्या द्याव्याच लागतात.

आता साहेब लोक. फेब्रुवारीतच कृषी खात्याकडे तक्रार दिली. बिल आणा, रिकामी पिशवी आणा, टॅग आणा, उरलेलं बी आणा, अन् विक्रेत्याचा परवाना नंबर आणा! तो माझ्याकडे असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? तालुका तक्रार निवारण समितीनं उभ्या पिकाची पाहणी करून पंचनामा करायचा असतो, हे आले कांदा काढून झाल्यावर, मोकळं रान बघितलं, चहा पिला, म्हणाले आता काय बघणार. पोलीस म्हणतात कृषीवाल्यांचं काम, कृषीवाले म्हणतात विनापरवाना विक्री म्हणजे पोलिसांचं, अन् दोन्हीकडचा शेरा एकच, तुम्ही बिल का नाही घेतलं. म्हणजे चोर मीच! बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहकच, असं सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये सांगितलंय, ग्राहक आयोगात जाता येतं, पण तिथंही वकिलानं पहिलं बिलच मागितलं.

म्हणून बिलावर वाणाचं नाव अन् लॉट नंबर लिहून घ्या, मूठभर बी पिशवीसकट ठेवा, डेंगळे दिसताच तारखेचे फोटो काढा अन् अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घ्या. घरचं बी सगळं कधीच विकू नका. ओळखीतल्या शेतकऱ्याकडून घेत असाल तर त्याच्या चाळीतला कांदा सप्टेंबरात जाऊन बघा.

त्या विकणाऱ्याचा नंबर बंद लागतो. परवा भाच्याला दुसऱ्या नंबरवरून फोन आला, आवाज ओळखला मी, यंदा पुणे फुरसुंगी वाणाचं बी आहे म्हणे, 2,900 रुपये किलो, बिल नंतर.