१,२२४ रुपये वाचवले त्याची गोष्ट

मी घरी बसून हिशेब लिहिते. नागपूरच्या इतवारी आणि महालातली मिळून चौदा दुकानं माझ्याकडे होती. किराणा, स्टीलची भांडी, कापड, एक पूजासाहित्याचं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, जीएसटीची रिटर्न, कधी बँकेला दाखवायचा ताळेबंद, सगळं एकाच लॅपटॉपवर. तो बंद पडला की मी बंद पडते.

मे महिन्यात तो बंद पडायला लागला. नागपूरचा मे सांगायची गरज नाही. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. उन्हापुढे खात्याचं यंत्र टिकलं नाही, तिथे माझा लॅपटॉप काय टिकणार? शिवाय माझी बसण्याची तऱ्हा अशी की कूलरसमोर गादीवर बैठक, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप. त्याची हवा खालून आत ओढली जाते आणि ती जाळी मी उशीने बंद करून ठेवलेली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पंखा गिरणीसारखा ओरडायचा आणि वीस मिनिटांत स्क्रीन काळी. थोडा थंड झाला की पुन्हा सुरू.

१६ तारखेला हे फारच वाढलं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना १६ तारखेचा अर्थ लगेच कळेल. २० ला ३बी (जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न) भरायचा असतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने पाच-सहा दिवस लागतील म्हणून सांगितलं. वॉरंटी तशीही संपलेली. मग मी बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार, गाठली.

बर्डीत लॅपटॉपची दुकानं किती आहेत ते नागपूरकरांना माहीत आहे. मी ज्या दुकानात गेले तिथे काउंटरवर तरुण मुलगा होता, बोलायला अगदी गोड. त्याने लॅपटॉप सुरू केला, दोन मिनिटं पंख्याला कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, बोर्ड शॉर्ट होऊन राहिला. चिप लेव्हलचं काम आहे. आमचा इंजिनिअर वर बसतो, तो करून देईल. नाहीतर आज ना उद्या पूर्ण डेड होईल."

"किती?"

"साडेसात. पण तुमच्यासाठी सहा हजार आठशे."

हे "तुमच्यासाठी" ऐकलं तेव्हाच उठायला हवं होतं. पण डोक्यात २० तारीख. मी म्हटलं, करा. त्याने एक चिठ्ठी फाडली. तीवर लिहिलं होतं: लॅपटॉप १, चार्जर नाही, डेड. माझा लॅपटॉप माझ्या डोळ्यांसमोर सुरू झाला होता. मी विचारलंही, डेड कसा? "ते आमचं लिहायचं असतं मॅडम, सगळ्यांचं तसंच." मी सही केली. पासवर्ड विचारला, तोही त्याच चिठ्ठीवर लिहून दिला. चौदा व्यापाऱ्यांचे जीएसटीचे युजरनेम आणि पासवर्ड माझ्या ब्राउझरमध्ये साठवलेले होते आणि मी त्या कुलपाची किल्ली काउंटरवर ठेवून रिक्षात बसले.

आता बिलाचं. १८ तारखेला लॅपटॉप घ्यायला गेले तेव्हा मी बिल मागितलं. तो म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के लागेल." ६,८०० वर १८ टक्के म्हणजे १,२२४ रुपये. जी बाई रोज दुसऱ्यांना सांगते की बिलाशिवाय माल उचलू नका, तिने १,२२४ रुपये वाचवण्यासाठी बिल सोडलं. यूपीआयने पैसे दिले, ते दुकानाच्या खात्यावर नाही, त्याच्या मोबाइल नंबरवर. तरी त्यातलं एक बरं झालं, पैसे दिल्याची नोंद राहिली. रोख दिले असते तर तेवढंही नसतं.

आणि लॅपटॉप चालला! पंखा शांत, तासभर काम केलं तरी बंद नाही. १९ ला सगळ्यांचे ३बी भरून मोकळी झाले. मी इतकी खूश की जाऊबाईंना त्या दुकानाचा पत्ता दिला. त्यांचाही लॅपटॉप तापत होता. त्याही जाऊन आल्या.

हळूहळू लक्षात आलं की लॅपटॉप सुरू व्हायला वेळ घेतो. टॅली आणि ब्राउझर एकदम उघडले की अडकतो. मला वाटलं उन्हाळा आहे, माणसंही हळू चालतात. जूनमध्ये माझा भाचा आला. तो मिहानमध्ये एका आयटी कंपनीत आहे. जेवण झाल्यावर सहज त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाला, "मावशी, यात रॅम आठच काऊन दाखवून राहिली?"

रॅम म्हणजे लॅपटॉपची चालू कामापुरती मेमरी, ती मी १६ जीबी केली होती. मूळची आठ, वर दुसऱ्या दुकानातून आठची आणखी एक बसवलेली. त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले, टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरी दाखवली. खाली स्वच्छ लिहिलेलं: दोनपैकी एक खाच वापरात. हे बघायला अर्धा मिनिट लागतो. दुकानातून लॅपटॉप घेताना काउंटरवर उभ्या उभ्या बघता येतं. मी बघितलं नव्हतं, कारण असं काही बघायचं असतं हेच डोक्यात नव्हतं.

रॅम गेली म्हटल्यावर तो एसएसडीकडे, म्हणजे फायली साठवणाऱ्या डिस्ककडे वळला. तिची जागा ५१२ जीबीच होती, माझ्या फायली जिथल्या तिथे, म्हणून मला शंका येण्याचं कारणच नव्हतं. त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. ते डिस्कचं नाव, तब्येत आणि ती आजवर किती तास चालली ते दाखवतं. आकडा होता ३१,४०० तास.

हिशेबाचं माणूस असल्याने मी लगेच कागद घेतला. लॅपटॉप घेऊन दोन वर्षं दोन महिने झालेले. दिवसरात्र, एक मिनिटही बंद न करता चालवला असता तरी १९ हजार तास होतात. ही डिस्क साडेतीन वर्षं अखंड चाललेली. म्हणजे ती माझी नव्हती. माझी एनव्हीएमई या वेगवान प्रकारची होती, सेकंदाला तीन हजार एमबीच्या आसपास वाचणारी. ही साटा या जुन्या, संथ प्रकारची, साडेपाचशेच्या वर जाऊच शकत नाही. दिसायला दोन्ही च्युइंगगमच्या पट्टीसारख्या आणि माझ्या लॅपटॉपच्या खाचेत दोन्ही बसतात. त्यांनी माझ्या डिस्कची हुबेहूब नक्कल या जुन्या डिस्कवर उतरवली, ती बसवली आणि माझी काढून घेतली.

मग त्याने खालचं झाकण उघडलं. एक स्क्रू गायब. बोर्डावर कुठे डागकाम केल्याची खूण नाही. पंखा आणि त्याची जाळी मात्र चकाचक. "यांनी ब्लोअर मारला मावशी. धूळ काढली, एवढंच खरं काम." प्रोसेसर तापून हद्दीपर्यंत गेला की तो आधी वेग कमी करतो आणि तरीही उष्णता उतरली नाही तर लॅपटॉप स्वतःला वाचवायला बंद होतो. माझ्या लॅपटॉपला आजार तेवढाच होता: कूलरची ओल, रस्त्याची धूळ आणि उशीचा कापूस मिळून जाळीत नमद्यासारखा थर बसलेला. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचे म्हणून बनवतात. आमच्या खोलीत दुपारी त्याहून जास्तच असतं.

गंमत पुढे आहे, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही. टचपॅडचं बटण कधीपासून अर्धवट दबत होतं, ते मी वयावर घातलं होतं. झाकण उघडल्यावर दिसलं की खालची बॅटरी फुगली आहे आणि टचपॅडला खालून ढकलते आहे. लिथियमची बॅटरी सतत उन्हात, सतत चार्जरला लावून शंभर टक्क्यांवर ठेवली की आत वायू धरतो. मी दोन वर्षं चार्जर काढलाच नव्हता. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, माझ्यातही होती. फुगलेली बॅटरी दाबली, वाकवली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. भाच्याने लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि "याला आता हात लावू नको" म्हणून फरशीवर ठेवला. ज्या माणसाने लॅपटॉप उघडून रॅम काढली, एसएसडी काढली, त्याला ही फुगलेली बॅटरी दिसली नसेल असं होऊच शकत नाही. ती विकून पैसे मिळत नाहीत, म्हणून राहिली.

मी रात्रभर पैशांचाच हिशेब करत होते. ६,८०० अधिक रॅम अधिक एसएसडी अधिक नवी बॅटरी. पहाटे कूलरचं पाणी भरायला उठले तेव्हा टाळक्यात प्रकाश पडला की माझी मूळ एसएसडी कुणाच्या तरी हातात आहे. तीवर चौदा दुकानांची दोन वर्षांची खरेदी-विक्री, पॅन, आधारच्या प्रती, बँकेची स्टेटमेंटं. माझ्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवायची सोय, चालू नव्हतं, त्यामुळे ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की पासवर्डसुद्धा लागत नाही. आणि तो तर मी लिहूनच दिला होता.

सकाळी दहापासून एकेकाला फोन लावले. रिटर्न भरताना ओटीपी व्यापाऱ्याच्या मोबाइलवर जातो, त्यामुळे परस्पर काही भरलं जाण्याची भीती कमी, पण लॉगिन करून सगळं वाचता येतं. सगळे पासवर्ड त्या दिवशी बदलले, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून. इतवारीतले आमचे किराणावाले काका म्हणाले, "बाई, जुना काय होता तेच मला माहीत नाही. तुम्ही नवा टाका अन् या चहाला." कापडवाले मात्र गप्प झाले. आठवड्याने मुलाला पाठवून त्यांनी वह्या आणि फायली परत नेल्या. त्यांचा राग मी मनात धरू शकत नाही. आता दुकानं तेरा आहेत.

दुकानात गेले तर तोच मुलगा, तितकाच गोड. "मॅडम, आमच्याकडे असाच आला होता. चिठ्ठीवर डेड लिहिलंय, तुमची सही आहे." तेव्हा त्या एका शब्दाचा उपयोग कळला. डेड लॅपटॉपमध्ये किती रॅम होती हे देताना कोण बघणार?

पण कागद शोधले तेव्हा बरंच हाती लागलं. लॅपटॉपच्या खरेदीचं बिल. रॅम वाढवली त्या दुकानाचं पक्कं बिल. लॅपटॉपच्या खाली छापलेला सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर कारखान्यातून निघताना आत कोणती एसएसडी होती ते दिसलं, एनव्हीएमई म्हणून. वर यूपीआयची नोंद. हे सगळं जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेतली. दोनच आठवड्यांत दुकानातून फोन. "मॅडम, कशाला वाढवता?" आठ जीबीची एक रॅम परत दिली, तीही भलत्याच कंपनीची, आणि तीन हजार रुपये. "तक्रार मिटली" असा कागद पुढे केला, त्यावर मी सही केली नाही. एसएसडीचं विचारलं तर म्हणे भंगारात गेली.

ओळखीच्या वकिलांनी एक मुद्दा सांगितला, तो माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्यांनी ऐकण्यासारखा आहे. धंद्यासाठी वापरलेली वस्तू म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असं समोरचा म्हणतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यासाठी त्याला अपवाद आहे. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. माझा अर्ज लिहून तयार आहे.

नवी बॅटरी आणि एसएसडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच घातली. पाच दिवस लागले. ते पाच दिवस मे महिन्यात दिले असते तर भाच्याच्या लॅपटॉपवर ३बी भरून झाले असते, हे आता सुचतं. त्यानेच एक गोष्ट शिकवली: पंखा, स्क्रीन किंवा बोर्डाच्या कामाला तुमची डिस्क लागतच नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती एका स्क्रूवर असते. काढून घरी ठेवायची, तपासायला दुकानदार स्वतःची लावतो. जो म्हणेल की डिस्क पाहिजेच, त्याच्याकडून लॅपटॉप उचलायचा. मी झाकण उघडून आतल्या प्रत्येक भागाच्या लेबलचे फोटो काढले आहेत, ते मोबाइलमध्ये आहेत आणि मेलवरही. लॅपटॉप आता लाकडी पाटावर असतो. सासूबाई म्हणतात, गणपतीचा पाट आहे तो.

जाऊबाईंना सगळं सांगून झालं, दोनदा. भाचा म्हणाला, आणा, पाच मिनिटांत बघतो. त्यांचा लॅपटॉप अजून कुणी उघडलेला नाही. "चालून राहिला ना बाप्पा," म्हणतात, "मग कशाला उघडायचा?"