भाजीची दोनचाकी ट्रॉली, सोबत तीन लहान मुलं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर असा: आठवड्यातून दोनदा दादर पश्चिमेचा बाजार, एकदा सिटीलाइटची गोपी टँक मंडई. मोठं माणूस एकच, मुलं तीन: दीड, चार आणि साडेसहा वर्षांची. पावसाळ्याचे चारही महिने यात आले. ट्रॉली साधी घडीची: लोखंडी नळीचा सांगाडा, चाळीसेक लिटरची कापडी पिशवी, सहा इंची दोन चाकं. लेबलवर ३० किलोची मर्यादा आहे. मुलं सोबत असतील तर ती ८ किलो धरा.

कारण हातांचं आहे. दोन खांद्यांवर दोन पिशव्या घेतल्या की त्या सारख्या घसरतात आणि एकही हात मुलाच्या कामाचा राहत नाही. ट्रॉली एकच हात अडवते, दुसरा चार वर्षांच्या मुलाला मिळतो. हा फायदा खरा आहे आणि ट्रॉली घ्यावी ती एवढ्यासाठीच. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस किलोही ओढले जातात. पण दादरला सलग सपाट रस्ता मिळतो कुठे? फुटपाथची कड, खोदकामावर टाकलेली फळी, सोसायटीच्या लिफ्टआधीच्या चार पायऱ्या. तिथे ट्रॉली एका हाताने उचलावी लागते, कारण दुसऱ्या हातातलं मूल सोडता येत नाही आणि धाकटं कॅरियरमध्ये पोटाशी असतं. एका हाताने चार पायऱ्या चढवता येईल तेवढंच वजन खरं. उचलताना सामानाच्या आठ किलोंवर सांगाड्याचे दीड-दोन किलो वेगळे असतात, हे विसरू नका.

आठ किलोत बसतं ते साधारण असं: बटाटे २ किलो, कांदे २ किलो, टोमॅटो १ किलो, एक नारळ, फ्लॉवरचा एक गड्डा, अर्धा किलो भेंडी, पाव किलोत मिरची-आलं-लिंबू, पालेभाजीच्या दोन जुड्या. फळं घ्यायची असतील तर कांदे-बटाटे एकेक किलोच घ्या. तांदूळ, पीठ, साखर, डाळी आणि तेलाचा पाच लिटरचा डबा ट्रॉलीत घालूच नका. ती यादी वाण्याला फोनवर सांगा, त्याचा माणूस घरपोच आणून देतो. आधी वाणसामान आणि भाजी एकाच फेरीत आणून पाहिली. दर वेळी शेवटच्या पायऱ्यांवर मुलांचा हात सोडावा लागला. भाजीची फेरी वेगळी केल्यावर तो प्रश्न संपला.

आता मुलं कुठे असावीत ते. ओढलेली ट्रॉली पाठीमागे असते, म्हणजे नजरेआड. ट्रॉलीला धरून चालणारं मूल पिशवीच्या मागे गेलं की ते दिसतही नाही आणि गर्दीत कोणीही मध्ये घुसतं. म्हणून मोठ्या मुलासाठी मुठीच्या खाली, जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर, बॅगेचा जुना पट्टा बांधून एक कडी केली. ती धरली की मूल ट्रॉलीच्या बाजूला, आपल्या कोपराजवळ राहतं. कडी मनगटात अडकवू देऊ नका, नुसती मुठीत धरायची. ट्रॉली कलंडली तर हात लगेच सुटला पाहिजे. चपला मागून पट्टा असलेल्या हव्यात. चाक बोटांवरून जाण्याचा धोका पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त, मुलाला अंतराचा अंदाज येईपर्यंत.

फुटपाथची कड चढताना मुलांना आधी वर उभं करा. मग स्वतः वर जाऊन ट्रॉलीकडे तोंड करा आणि दोन्ही चाकं एकदम कडेला टेकवून ओढा. एक चाक आधी लावलं की दांडा पिळतो. रेल्वेचा पूल मात्र या लवाजम्यासह टाळाच. पूर्वेची खरेदी वेगळ्या दिवशी करा.

भरण्याचा क्रम नुसता भाजी चेंगरू नये म्हणून नाही, तोल राहावा म्हणूनही आहे. नारळ, बटाटे, कांदे तळाशी, चाकांच्या बाजूला. त्यावर फ्लॉवर, मग भेंडी, टोमॅटो सगळ्यात वर. जुड्या कडेला उभ्या. वजन वर गेलं आणि मुलाने उभ्या ट्रॉलीची मूठ खाली ओढली की ती थेट त्याच्या अंगावर येते. पिशवी रिकामी असतानाही हेच होतं, म्हणून बाजारात पहिली खरेदी बटाट्यांची. अडचण एवढीच की मंडईत बटाटेवाला नेहमी सुरुवातीला नसतो, आधी सरळ त्याच्याकडे जावं लागतं.

मासे शेवटी, झाकणाच्या डब्यात, आणि डबा पिशवीच्या आत नाही तर बाहेरच्या खणात. मासळीबाजारात जमीन ओली असते आणि मावशींचा कोयता नेमका चार वर्षांच्या मुलाच्या छातीच्या उंचीला येतो. मोठ्या मुलाला ट्रॉलीच्या त्या बाजूला ठेवा जिकडे गाळे नाहीत. बोंबील असतील तर डब्यात खाली जुन्या कापडाची घडी घाला, पाणी फार सुटतं.

काय बिघडलं? पहिल्यांदा तळाची पाटी. ती पुठ्ठ्यासारख्या हार्डबोर्डची होती. ओल्या पालेभाजीच्या पाण्याने जुलैतच फुगली आणि मधोमध वाकली. स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा जुना चॉपिंग बोर्ड मापाला कापून बसवला, तो अजून जसाच्या तसा आहे. दुसरं, पिशवी सांगाड्याला अडकते त्या दोन पट्ट्यांची शिवण चौथ्या महिन्यात उसवली. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवून घ्या, आणि जमलं तर हे नव्या ट्रॉलीला पहिल्याच आठवड्यात करा. तिसरं, चाकं जड होतात. आसावर केस, सुतळी, जुडी बांधायची दोरी गुंडाळली जाते. चाकाच्या टोकाची टोपी काढून हा गुंता कात्रीने कापावा लागतो, पंधरा दिवसांतून एकदा. नंतर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. खोबरेल नको, ते धूळ धरून चिकट होतं आणि थंडीत थिजतं. पावसातून आल्यावर आस पुसला नाही तर गंज दोन-तीन दिवसांत दिसतो.

पायऱ्या चढणारी, दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकांची ट्रॉलीही महिनाभर वापरून पाहिली. रिकाम्या जिन्यात ती खरोखर चांगली. पण बाजूची चाकं बाहेर येतात, गर्दीत रुंदी वाढते आणि कडी धरलेल्या मुलाच्या घोट्याला लागते. आमची पसंती दोन चाकांनाच.

मोठ्या सुपरमार्केटमध्ये ही ट्रॉली बहुधा दारातच ठेवावी लागते. आत दुकानाच्या ट्रॉलीतल्या सीटवर धाकट्याला बसवा, पट्टा लावून. सीटवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते ती बघा. चार वर्षांच्या मुलाला सामानाच्या जागेत उभं करू नका. ते वाकलं की आख्खी ट्रॉली कलंडू शकते.

परतताना टॅक्सी. मुंबई शहरात रिक्षा नाही, ती वांद्रे आणि सायनच्या पलीकडे. सीएनजीच्या टॅक्सीत डिकीतली बरीच जागा सिलिंडर खातं, भरलेली ट्रॉली तिथे मावत नाही. पिशवी सांगाड्यावरून काढून पायाशी घ्या, सांगाडा घडी करून डिकीत. म्हणून दुकानात घेताना पिशवी एका हाताने निघते का ते स्वतः करून पाहा. बकल असेल तर निघते, वेल्क्रो ओला झाला की अडून बसतो. आणि मूठ पूर्ण उंचीवर नेऊन जोरात हलवा. सांध्यात खडखड वाजली तर दुसरा नग मागा, तो खिळखिळेपणा पुढे वाढतच जातो.