फिक्स्ड सीपॅपवरून ऑटो मशीनवर : रेसमेड एअरसेन्स ११ ऑटोसेट, काही महिन्यांच्या वापरानंतर

स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजारासाठी) वर्षानुवर्षं एकाच दाबाचं सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, वापरलेली बरीच मंडळी आता ऑटो मशीन घेतात आणि पहिल्याच आठवड्यात म्हणतात, "जुनंच बरं होतं." काही महिने हे मशीन वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय : त्रासाचं मूळ बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतं, ते ज्या सेटिंगवर घरी येतं त्यात असतं. दाब ४ ते २० सेंटिमीटर (पाण्याच्या उंचीत मोजलेला), रॅम्प (सुरुवातीला कमी दाब देऊन मग चढवणारी सोय) ऑटोवर, बाकी सगळं कारखान्यातून आलं तसंच. मशीन दाब स्वतः कमीजास्त करतं हे खरं, पण कुठपासून कुठपर्यंत हे माणसालाच ठरवावं लागतं. ते ठरवलं नाही तर महागडं मशीन घेऊनही झोप अर्धवटच राहते.

साधं सीपॅप रात्रभर एकच दाब देतं. स्लीप स्टडीत ११ निघाला की ११. ऑटो मशीन प्रत्येक श्वासाचा आलेख बघतं. श्वास आत घेतानाची कमान चपटी होऊ लागली, घोरण्याची थरथर जाणवली किंवा घसा बंद पडला, की ते दाब वाढवतं. सगळं शांत झालं की हळूहळू उतरवतं. पाठीवर झोपल्यावर कुणाला १३ लागतो, कुशीवर ८ पुरतो. सर्दी झाली, रात्री दारू घेतली, वजन वाढलं, की गरज आणखी बदलते. फिक्स्ड मशीनवर अशा माणसाला कुशीवर असतानाही नको तेवढा दाब सोसावा लागतो. ऑटोचा खरा फायदा इथे आहे, आणि तो लहान नाही.

अडचण अशी की मशीन दाब वाढवतं ते गडबड सुरू झाल्यावर. किमान दाब ४ ठेवला आणि माणसाची गरज १० ची असली, तर १० पर्यंत पोहोचेपर्यंत घसा चार-पाच वेळा मिटून गेलेला असतो. मग दाब चढतो, थोड्या वेळाने उतरतो, पुन्हा तेच. सकाळी स्क्रीनवर एएचआय (तासाला सरासरी किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला तो आकडा) ६-७ दिसतो आणि डोकं जड. शिवाय ११ च्या दाबाची सवय असलेल्या माणसाला जागेपणी ४ वर हवा पुरत नाहीशी वाटते, गुदमरल्यासारखं होतं. कमी दाबावर मास्कच्या छिद्रांतून बाहेर जाणारी हवाही कमी असते, त्यामुळे सोडलेला श्वास मास्कमध्ये जास्त वेळ रेंगाळतो. अनेक जण इथेच मास्क काढून ठेवतात.

श्वास सोडताना दाब कमी करणारी ईपीआर ही सोयसुद्धा याच कारणाने फसते. तिच्या १, २, ३ या पायऱ्या श्वास सोडताना तेवढे सेंटिमीटर दाब उतरवतात, पण ४ च्या खाली मशीन जात नाही. म्हणजे दाब ४ असताना ईपीआर ३ लावली तरी ती काहीच करत नाही. किमान दाब ७ असेल तेव्हाच तिन्ही सेंटिमीटरचा आराम पूर्ण मिळतो. ८ वर ईपीआर ३ म्हणजे घेताना ८, सोडताना ५. फिक्स्डवरून आलेल्यांना हा फरक पहिल्या रात्रीच सुखद वाटतो. मात्र ईपीआर वाढवल्यावर घसा मिटण्याचे प्रसंग थोडे वाढले, तर किमान दाब एखाद्या सेंटिमीटरने वर न्यावा लागतो, कारण श्वास सोडून झाल्यावर घसा उघडा ठेवणारा आधार तेवढा कमी झालेला असतो.

सेटिंग डॉक्टरांच्या किंवा टेक्निशियनच्या मेनूमधून बदलतात. ते त्यांच्याशी बोलूनच करावं, पण बोलताना आपल्या हातात आकडे हवेत. मशीनच्या अहवालात "९५ टक्के दाब" असतो : रात्रीचा ९५ टक्के वेळ दाब या आकड्यावर किंवा त्याखाली होता, असा त्याचा अर्थ. आठवडाभर ४ ते २० वर चालवून हा आकडा सुमारे ११.५ येत असेल, तर किमान ८ किंवा ८.५ आणि कमाल १३-१४ मागणं वाजवी ठरतं. किमान एकदम न चढवता तीन-चार रात्रींनी अर्धा-एक सेंटिमीटर वाढवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दाब, ईपीआर आणि मास्क एकाच रात्री बदलले तर कशाने काय झालं ते कळत नाही. एका रात्रीच्या एएचआयवर जाऊ नये, आठवड्याची सरासरी ५ च्या खाली आहे का ते बघावं.

ऑटो रॅम्पमध्ये मशीन कमी दाबावर थांबतं आणि झोप लागल्याचं ओळखलं की दाब चढवतं. ओळखता आलं नाही तरी अर्ध्या तासाने चढवतंच. जुन्या वापरकर्त्यांनी सुरुवातीचा दाब ६-७ करून घ्यावा, नाहीतर रॅम्प बंदच ठेवावा. दाब चढताना झोप मोडत असेल तर "रिस्पॉन्स" सॉफ्ट करायला सांगावं. मग चढ सावकाश होतो.

मास्कबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ऑटोवर मास्कची परीक्षा फिक्स्डपेक्षा कडक होते. ८ वर नीट बसलेला मास्क १३ वर फुरफुरू लागतो, हवा डोळ्यांवर येते, जाग येते. म्हणून पट्टे बसून नव्हे तर आडवं पडून, आपल्या नेहमीच्या उशीवर, मशीनमधली मास्क फिटची चाचणी चालू ठेवून बसवावेत. आधी मास्क चेहऱ्यापासून जरा पुढे ओढून कुशनमध्ये हवा भरू द्यावी, मग हळूच टेकवावा. त्यानंतर खालचे पट्टे, मग वरचे, दोन्ही बाजूंनी सारखे. पट्टा आणि गाल यांच्यामध्ये बोट सहज जायला हवं. जास्त आवळलं की कुशन दबून सुरकुततं आणि गळती उलट वाढते. नाकाच्या हाडावर व्रण पडतो तो वेगळाच.

डोक्याला तेल लावून झोपायची सवय असेल तर ती या मशीनबरोबर जमत नाही. तेल आणि चेहऱ्यावरचं क्रीम यांनी सिलिकॉनचं कुशन घसरतं आणि लवकर खराब होतं. रात्री साबणाने चेहरा धुवावा, कुशन रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसावं. भरघोस मिशी असलेल्यांना नाकपुडीत बसणारं पिलो कुशन नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या फुल-फेस मास्कपेक्षा सोयीचं पडतं. पण तोंड उघडं टाकून झोपत असाल तर पिलोने भागत नाही : सकाळी घसा कोरडा ठाक, हवा दमट करणारी पाण्याची टाकी रिकामी आणि गळतीचा आलेख रात्रभर उंच, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की तोंडाने गळती होतेय असं धरावं. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटर ही गळतीची मर्यादा. तिच्यावर बराच वेळ राहिलं तर श्वासाचा आलेखच नीट कळत नाही, आणि एएचआयचा आकडा कितीही छान दिसला तरी त्यावर विसंबू नये.

एसडी कार्ड घालून ठेवलं तर ऑस्कर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रात्रीचा प्रत्येक मिनिट बघता येतो. दाब आणि गळती हे दोन आलेख एकाखाली एक लावून बघितले की निम्मी कोडी तिथेच सुटतात. "क्लिअर एअरवे" म्हणून नोंदलेले प्रसंग मात्र वेगळे. त्यात घसा उघडा असतो, पण मेंदू श्वासाचा आदेशच देत नाही, म्हणून मशीन त्यावर दाब वाढवत नाही. सुरुवातीला काही जणांत असे प्रसंग दिसतात आणि काही आठवड्यांत कमी होतात. कमी होत नसतील तर सेटिंगशी खेळत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. हार्ट फेल्युअर असलेल्यांनी तर ऑटो किंवा एएसव्ही (प्रत्येक श्वासाला लागेल तसा आधार कमीजास्त करणारं) मशीन स्वतःहून घेऊच नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ चाचणीत, हृदयाचं इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण) ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या सेंट्रल ॲप्नियाच्या (मेंदूकडून आदेश न आल्याने श्वास थांबण्याच्या) रुग्णांमध्ये एएसव्हीवर हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले.

पोटात हवा भरून ढेकर आणि फुगारा येणं ही ऑटोवरची सर्रास तक्रार आहे. कमाल दाब २० वर मोकळा सोडलेला असेल तर गळतीमुळे किंवा पाठीवर झोपल्यामुळे तो रात्री १६-१७ पर्यंत जातो आणि हवा अन्ननलिकेत शिरते. कमाल आवरून धरणं, ईपीआर, कुशीवर झोपणं आणि रात्रीचं जेवण लवकर उरकणं, याच क्रमाने प्रयत्न करावेत.

आपल्या हवामानात हवा दमट करणारा ह्युमिडिफायर बारा महिने एकाच आकड्यावर ठेवता येत नाही. गरम नळी लावून क्लायमेट कंट्रोल ऑटोवर ठेवलं की मशीन साधारण २७ अंशांची दमट हवा देतं. एसी २३-२४ वर असलेल्या खोलीत हे उत्तम चालतं. मे महिन्यात पंख्याखाली, खोलीच ३२ अंशांवर असताना, तीच हवा कोंदट लागते. अशा वेळी मॅन्युअलवर जाऊन नळीचं गरम करणं बंद आणि आर्द्रता २-३ वर. कोकणात पावसाळ्यात कित्येकांना पाणी घालायचीही गरज नसते. विदर्भातल्या कोरड्या थंडीत मात्र ५-६ लागते, आणि गरम नळी नसेल तर पहाटे नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवून नळी पांघरुणाखालून घेतली की ते कमी होतं.

टाकीत ३८० मिलिलिटर पाणी मावतं. पाणी डिस्टिल्डच हवं, औषधाच्या दुकानातलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी श्वासासाठी नसतं. बोअरचं किंवा आरओचं पाणी वापरलं तर तळाला पांढरा थर बसतो. तो एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दहा भाग पाणी या मिश्रणाने निघतो. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाकावं. नळी आणि मास्क आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावेत. डेटॉल, ब्लीच, उकळतं पाणी नको, आणि ओझोन वायूने निर्जंतुक करणाऱ्या पेट्या तर अजिबात नकोत. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज दाबणाऱ्या फोमचा चुरा होतो म्हणून लाखो मशीन परत मागवली. ओझोनने तो फोम आणखी लवकर खराब होतो, असं तेव्हा कंपनीनेच सांगितलं होतं. पांढरा फिल्टर धुवायचा नसतो, काळा पडला की बदलायचा. रहदारीच्या रस्त्यालगतच्या घरात तो महिन्याभरातच काळा पडतो.

वीज जाणाऱ्या भागात शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्यावा. सर्वाधिक वीज ह्युमिडिफायर आणि गरम नळी खातात. ते दोन्ही बंद केले की तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते. मशीनला २४ व्होल्ट लागतात, त्यामुळे गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालत नाही, कन्व्हर्टर लागतो. वीज गेली तर फुल-फेस मास्कमधली झडप उघडून बाहेरची हवा मिळते. ती झडप धुताना चिकटलेली नाही ना, हे बघत जावं. रात्रीच्या रेल्वे प्रवासात डब्यातल्या प्लगवर अवलंबून राहू नये. पश्चिम रेल्वेने २०२१ पासून रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे प्लग बंद ठेवायला सुरुवात केली. बॅटरी घेऊन विमानाने जायचं असेल तर ती केबिनमध्येच न्यावी लागते, आणि १०० वॅट-अवरच्या वर असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी घ्यावी लागते. निघण्याआधी टाकी रिकामी करावी, नाहीतर पाणी मशीनच्या मोटरमध्ये जातं.

घ्यायचं ठरवलं तर आधी महिनाभर भाड्याने घेऊन बघा. विकणाऱ्याकडून मशीनवर लावलेले किमान-कमाल दाब, ईपीआर, रॅम्प आणि मास्कचा प्रकार एका कागदावर लिहून घ्या, आणि बिलावरचा सीरियल नंबर मशीनच्या मागच्या नंबराशी तिथेच जुळवून बघा.