स्टॅबिलिटी कंट्रोलची लाइट आणि अक्कलकोट रोडचे अण्णा

दुकानाचं नाव विचारू नका, पाटी उन्हानं एवढी उडालीय की फक्त 'ऑटो इलेक्ट्रिक' वाचता येतं. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आत, यंत्रमागाच्या शेडच्या ओळीत एक पत्र्याचं गॅरेज, बाहेर कायम दोन-तीन टेम्पो उघडे पडलेले. मी तिथं स्पोर्ट्स कार घेऊन गेलो तेव्हा मलाच लाज वाटत होती खरं सांगायचं तर.

गाडी सेकंडहँड, दोन दारांची, रिअर व्हील ड्राइव्ह, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. डिसेंबरात चेन्नईला मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर ट्रॅक डेला, म्हणजे फी भरून आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, नेली होती. ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, पहिले तीन लॅप मस्त गेले आणि चौथ्याला जोरात ब्रेक मारून उजवीकडं वळताना स्टॅबिलिटी कंट्रोलची पिवळी लाइट लागली, गाडीमागं नागमोडी रेघा असलेली, आणि लागली ती लागलीच. सोबत एबीएसची पण (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम). पिटला येऊन गाडी बंद-चालू केली की गायब, बाहेर पडलो की परत तीन-चार लॅपनी हजर. दिवसभर हेच. एवढी फी भरून मी पिटमध्ये बसून घरनं नेलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी खात होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही लाइट लुकलुकली तर घाबरायचं नसतं, म्हणजे गाडी घसरत होती आणि सिस्टिमनं एखाद्या चाकाचा ब्रेक दाबून किंवा इंजिनची ताकद कमी करून सावरली. लागून राहिली (आणि तुम्ही स्वतः बटण दाबून बंद केलेली नसली) तर मात्र सिस्टिमनं हात वर केलेत. माझ्या गाडीत दोन्ही व्हायचं, आधी नको तिथं लुकलुकायची, मग कायमची लागायची, आणि मी ते एकच दुखणं समजून बसलो होतो.

परत आल्यावर मोबाइलला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर लावला, काही नाही. नंतर कळलं की असले स्कॅनर बहुतेक इंजिनाच्याच बिघाडाचे कोड वाचतात, पी अक्षरानं सुरू होणारे. ब्रेक आणि चेसिसचे कोड सी नं सुरू होतात, ते त्याला दिसतच नाहीत. मग पुण्याला एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली, त्यांनी गाडी ट्रॅकवर नेता का विचारलं, तोंड वाकडं केलं आणि एबीएस मॉड्यूल बदला म्हणून एक लाख ऐंशी हजारांचं कोटेशन हातात दिलं. सोलापुरातलाच दुसरा एक गॅरेजवाला तर फ्यूज काढून टाकू म्हणाला, लाइटचा त्रासच नको! अरे बाबा, लाइट कुठली जाते, ती उलट कायमची लागते, आणि त्या फ्यूजवर एबीएस आणि पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी पण चालते, ती गेली आणि जोरात ब्रेक मारला की मागची चाकं लॉक होऊन गाडी गरकन फिरते. हा सल्ला कुणी दिला तर चहा पिऊन निघून या.

आता अण्णा, त्या पत्र्याच्या गॅरेजवाले. पहिल्या दिवशी त्यांनी स्कॅनरला हातच लावला नाही. आधी बॅटरीला मीटर लावला, १२.६ व्होल्ट, ठीक. मग ब्रेक ऑइलची बाटली बघितली, कारण पॅड झिजले की लेव्हल खाली जाते आणि वळणात तेल एका बाजूला गेलं की आतला फ्लोट खाली बसतो आणि ब्रेकची लाइट लागते. तिथं लेव्हल बरोबर होती पण तेल दोन वर्षं जुनं, त्यावर शिव्या खाल्ल्या. डॉट ४ चं नवं तेल निदान २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलेल्यासाठी स्टँडर्डमधला आकडा थेट १५५ वर येतो, आणि हे घेऊन मी ट्रॅकवर ब्रेक मारत होतो.

मग टेप घेऊन मागचं टायर मोजलं. "मालक, हे कुणी घातलं ओ?" मीच घातलं होतं. मूळ साइज २४५/४० आर १७, ती इथं मिळेना म्हणून दुकानदार म्हणाला २४५/४५ घाला, एकच हाय की. एक नाही, व्यास ६२८ मिलिमीटरवरून ६५२ वर जातो. सिस्टिम चारही चाकांचा वेग एकमेकांशी ताडून बघते, तिचा हिशोबच बिघडलेला. वर अलाइनमेंटनंतर स्टीअरिंगचा झीरो कुणी सेट केला नव्हता, गाडी सरळ चाललेली असताना सेन्सर पाच डिग्री वळलीय म्हणून सांगत होता. लुकलुकणं या दोन्हीमुळं.

कायमची लाइट वेगळीच निघाली. अण्णांचा भाचा टॅबलेट घेऊन शेजारी बसला, मागच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही नुसते उजवीकडं गोल गोल फिरलो, वीस-पंचवीसच्या स्पीडनं, दहा मिनिटं, मला मळमळायला लागलं. स्क्रीनवर चार चाकांच्या चार रेघा, त्यातली पुढच्या डाव्या चाकाची मधेच तुटायची. डावीकडं फिरवली की नीट. उजवीकडं वळताना वजन डाव्या चाकावर येतं ना. जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा. माझ्या गाडीत सेन्सर जी चुंबकी रिंग वाचतो ती बेअरिंगच्या सीलमध्येच आहे, बेअरिंग डळमळलं की सेन्सर आणि रिंगमधलं अंतर बदलतं, आणि ट्रॅकवर ब्रेकच्या उष्णतेनं ते अजून वाढतं. मी म्हटलं सेन्सर बदलू का, तर अण्णा म्हणाले, "सेन्सर चांगलाय की ओ, त्याला दिसंना झालंय."

ही सिस्टिम बॉशनं मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये १९९५ ला आणली, तीस वर्षं झाली, आणि अजून मोठमोठ्या वर्कशॉपला आधी बेअरिंग हलवून बघायचं सुचत नाही याचा राग येतो.

खर्च सांगतो. तपासणी, बेअरिंग, मजुरी, ब्रेक ऑइल, झीरो सेटिंग मिळून साडेचौदा हजार. टायर वेगळे, ते हैदराबादवरून मागवले. फेब्रुवारीच्या शेवटी परत चेन्नई, पाच सेशन, लाइट फक्त एकदा लुकलुकली आणि ती चूक माझीच होती, वळणातच गॅस दाबला.

तरी पाच स्टार देणार नाही, चार. फोन उचलत नाहीत, उचलला तर "आज देतो" म्हणतात आणि तो आज कुठला ते सांगत नाहीत. पार्टला तीन आठवडे लागले. त्यात मी गाडी टाकली नेमकी संक्रांतीच्या आठवड्यात, भाचा रोज दुपारनंतर होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेला, त्यामुळं चार दिवस गाडी जॅकवरच होती. आणि एका व्हील बोल्टचे आटे खराब करून दिले, विचारल्यावर "आधीच होतं" म्हणाले. नव्हतं.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, अण्णा तेव्हा एकटे असतात आणि नीट ऐकून घेतात. लाइट कितव्या लॅपला, कुठल्या बाजूच्या वळणाला, ब्रेकवर का गॅसवर लागली हे कागदावर लिहून न्या, पहिला प्रश्न तोच विचारतात. कोड आधीच उडवून जाऊ नका. आणि बसायला जागा नाही, पत्रा मार्चपासूनच तापतो, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन जा.